प्रिंटर ‘ऑफलाइन’ दाखवतोय? ड्रायव्हर काढण्याआधी पत्ता तपासा

वायफाय प्रिंटरबद्दल सगळ्यात जास्त कानावर येणारी तक्रार एकच : काल छापत होता, आज ‘ऑफलाइन’ म्हणतोय. दिवा चालू आहे, कागद भरलेला आहे, शाई आहे, वायफायचं चिन्हही स्थिर आहे. तरी लॅपटॉप त्याला ओळख दाखवत नाही. मग घरोघरी एकच उपाय होतो : ड्रायव्हर, म्हणजे लॅपटॉपमधलं प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर, काढायचा आणि पुन्हा टाकायचा. कधी त्याने काम होतंही, म्हणून तर ही सवय सुटत नाही. पण काही दिवसांनी पुन्हा तेच, आणि तेही नेमकं प्रवेशाचा फॉर्म किंवा सातबारा छापायचा असेल तेव्हा.

अशा वेळी ड्रायव्हर बहुधा ठणठणीत असतो. बदललेला असतो तो प्रिंटरचा नेटवर्कवरचा पत्ता, म्हणजे आयपी ॲड्रेस. लॅपटॉप जुन्या पत्त्यावर काम पाठवत राहतो आणि प्रिंटर आता तिथे नसतो. ड्रायव्हर नव्याने टाकताना लॅपटॉप प्रिंटरला नव्याने शोधतो आणि त्या ओघात नवा पत्ता नोंदला जातो. गुण मात्र ड्रायव्हरला मिळतो. पत्ता वाचता आला, तर हे काम ड्रायव्हरला हात न लावता होतं. आणि तो एकदा पक्का करून ठेवला, तर सहसा पुन्हा करावंही लागत नाही.

पत्ता बदलतो कसा?

घरातला राउटर प्रत्येक उपकरणाला पत्ता देतो तो ठरावीक मुदतीसाठी. काही राउटरवर ही मुदत दोन तासांची असते, काहींवर एक दिवसाची. प्रिंटर चालू असेल तर तो मुदत संपण्याआधीच ती वाढवून घेतो आणि पत्ता तोच राहतो. पण प्रिंटर आठवडाभर बंद राहिला, की त्याचा पत्ता मोकळा होतो आणि पाहुण्यांच्या फोनला किंवा नव्या टीव्हीला जाऊ शकतो. दुसरं कारण आपल्याकडे नेहमीचं : लाईट जाणं. बरेच घरगुती राउटर बंद पडले की कुणाला कोणता पत्ता दिला होता ती यादी विसरतात. लाईट आल्यावर प्रिंटर आपला जुना पत्ता मागून बघतो. तो तोवर दुसऱ्याला गेला असेल, तर नवा घेतो. लॅपटॉपला याची खबर नसते. पावसाळ्यात या तक्रारी वाढतात, त्याचं मूळ बरेचदा इथे असतं.

पहिली चूक : पत्ता भलतीकडे शोधणं

गुगलवर ‘माझा आयपी’ विचारून मिळणारा आकडा प्रिंटरच्या सेटिंगमध्ये टाकणारे बरेच आहेत. तो पत्ता तुमच्या इंटरनेट जोडणीचा असतो, बाहेरच्या जगाला दिसणारा. प्रिंटरशी त्याचा काही संबंध नाही. तसंच राउटरच्या पाठीवर छापलेला १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ हा पत्ता राउटरचा स्वतःचा असतो. तोही प्रिंटरचा म्हणून टाकू नका.

प्रिंटरचा पत्ता प्रिंटरकडूनच घ्यावा. पडदा असेल तर सेटिंग्जमध्ये नेटवर्क किंवा वायफाय स्टेटसखाली तो दिसतो. पडदा नसेल तर नेटवर्कच्या माहितीचं पान छापता येतं. त्यासाठी कोणतं बटण दाबायचं ते प्रत्येक मॉडेलचं वेगळं, म्हणून प्रिंटरसोबतची पुस्तिका जपून ठेवा. त्या पानावर आयपी ॲड्रेस, सबनेट मास्क, गेटवे आणि मॅक ॲड्रेस (उपकरणाचा स्वतःचा ओळख क्रमांक) अशा चार ओळी शोधा.

आता लॅपटॉपचा पत्ता बघा. विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता टाइप करा आणि वायफायच्या मथळ्याखाली ‘आयपीव्ही४ ॲड्रेस’ वाचा. दोन्ही पत्ते शेजारी लिहून काढा. घरच्या नेटवर्कवर सबनेट मास्क बहुधा २५५.२५५.२५५.० असतो. त्याचा व्यवहारातला अर्थ एवढाच की दोन्ही पत्त्यांचे पहिले तीन आकडे एकच हवेत आणि चौथा वेगळा हवा. लॅपटॉप १९२.१६८.१.७ आणि प्रिंटर १९२.१६८.१.५ असेल तर जोडी बरोबर. जिओच्या राउटरवर हे पत्ते बहुधा १९२.१६८.२९ ने सुरू होतात, काही ठिकाणी १० ने. सुरुवात कशाने होते याला महत्त्व नाही, दोघांची सारखी हवी.

तिसरा आकडा जुळत नसेल तर

लॅपटॉप १९२.१६८.०.१०४ आणि प्रिंटर १९२.१६८.१.५ असं दिसलं, तर घरात बहुधा दोन राउटर आहेत. फायबर कंपनीने लावलेला डबा हा एक राउटर. आतल्या खोलीत रेंज येत नाही म्हणून आपण विकत आणून त्याला वायरने जोडलेला, तो दुसरा. दोघेही पत्ते वाटतात, म्हणून एकाच घरात दोन वेगळी नेटवर्कं तयार होतात. गंमत अशी की लॅपटॉप आतल्या राउटरवर आणि प्रिंटर बाहेरच्या डब्यावर असेल, तर पत्ता हाताने टाकल्यास बरेचदा छापलं जातं, फक्त प्रिंटर आपोआप सापडत नाही. उलट असेल तर काहीच होत नाही. त्यामुळे ‘याच्या लॅपटॉपवरून होतं, माझ्यावरून नाही’ असे वाद रंगतात. दोघांचे लॅपटॉप तपासण्यात वेळ घालवू नका. आपला राउटर ‘ॲक्सेस पॉइंट’ मोडवर टाका. मग पत्ते एकटा फायबरचा डबा वाटेल आणि सगळी उपकरणं एका नेटवर्कवर येतील.

दोन्ही राउटर १९२.१६८.१ नेच पत्ते देत असतील तर फसगत जास्त होते, कारण आकडे जुळलेले दिसतात आणि नेटवर्क मात्र वेगळंच असतं. अशा वेळी दोन्ही उपकरणं कोणत्या नावाच्या वायफायवर आहेत ते बघा.

आकडे जुळत नसण्याची किंवा जुळूनही प्रिंटर न सापडण्याची आणखी कारणं पटकन सांगतो. प्रिंटर किंवा फोन ‘गेस्ट’ वायफायवर असणं : गेस्ट नेटवर्क मुद्दाम घरच्या उपकरणांपासून तोडलेलं असतं. ऑफिसच्या लॅपटॉपवर व्हीपीएन (कंपनीच्या नेटवर्कशी जोडणारी सुरक्षित वाट) चालू असणं : कित्येक कंपन्यांची व्हीपीएन घरातल्या नेटवर्कची वाट बंद करते, तेव्हा छापण्यापुरती ती बंद करून बघा, कंपनीची परवानगी असेल तर. आणि फोन प्रिंटरच्या स्वतःच्या ‘डायरेक्ट’ नावाच्या वायफायला जोडलेला असणं. त्या वेळी पत्ता प्रिंटर वाटतो, राउटर नाही. छापलं जातं, पण घरातल्या बाकीच्यांना प्रिंटर दिसत नाही. वायफाय डायरेक्ट हे एखाद्या वेळेसाठी ठीक आहे, रोजची सोय म्हणून नाही.

एका गैरसमजापायी मात्र लोक विनाकारण धावपळ करतात. लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर आणि प्रिंटर २.४ वर असला तर छापता येणार नाही, असं दुकानातही सांगितलं जातं. एकाच राउटरचे दोन्ही बँड सहसा एकाच नेटवर्कचे असतात, तेव्हा छापायला अडचण येत नाही. खरी गोष्ट एवढीच की घरगुती वापराच्या बऱ्याच प्रिंटरना फक्त २.४ कळतो, म्हणून पहिल्यांदा जोडताना प्रिंटरसाठी तेच नाव निवडायचं.

१६९.२५४ दिसला की थांबा

प्रिंटरच्या पानावर पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर प्रिंटरने राउटरकडे पत्ता मागितला, उत्तर आलं नाही आणि त्याने स्वतःच एक पत्ता घेतला, असं समजायचं. या पत्त्यावर लॅपटॉपमध्ये काहीही बदल केले तरी उपयोग नाही. प्रिंटर बंद करा, राउटर बंद-चालू करा, दोन-तीन मिनिटं जाऊ द्या आणि मगच प्रिंटर लावा. लाईट आल्यावरही हाच क्रम ठेवा, कारण फायबरचा डबा पूर्ण सुरू व्हायला प्रिंटरपेक्षा जास्त वेळ घेऊ शकतो. तरीही १६९ सुटत नसेल, तर राउटरमध्ये मॅक फिल्टर (ठरावीक उपकरणांनाच आत घेणारी यादी) लावलाय का, किंवा पत्ते वाटण्याची मर्यादा मोजक्या उपकरणांपुरती ठेवलीय का, ते बघा. ०.०.०.० दिसत असेल तर प्रिंटर वायफायला जोडलेलाच नाही.

आकडे टाकतानाच्या बारीक चुका

काही प्रिंटरच्या पडद्यावर पत्ता १९२.१६८.००१.०१० असा शून्यं भरून दिसतो. तो जसाच्या तसा लॅपटॉपवर टाकू नका. आकड्याच्या आधी शून्य असेल तर बरेच प्रोग्रॅम तो अष्टमान (दहाऐवजी आठाच्या पायावर मोजण्याच्या) पद्धतीने वाचतात आणि ०१० चा अर्थ ८ घेतात. काम १० ऐवजी ८ क्रमांकाच्या उपकरणाकडे जातं आणि चूक कुठे झाली ते डोळ्यांना दिसत नाही. आकड्याआधीची शून्यं गाळून १९२.१६८.१.१० असंच टाका. फोनवर मराठी कळफलक चालू असेल तर आकडे देवनागरीत उमटतात, तेही चालत नाहीत. या लेखातले पत्तेसुद्धा टाइप करताना इंग्रजी आकड्यांतच करा.

लॅपटॉपमध्ये पत्ता असतो कुठे?

विंडोजवर प्रिंटर्स अँड स्कॅनर्समध्ये आपला प्रिंटर निवडून ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’ उघडा. ‘प्रिंटिंग प्रेफरन्सेस’ नव्हे, तिथे फक्त कागद आणि रंगाची सेटिंग्ज असतात. ‘पोर्ट्स’ या टॅबवर खूण केलेली ओळ बघा. ती ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’ असेल तर ‘कॉन्फिगर पोर्ट’मध्ये जाऊन नवा पत्ता टाका. पत्ता बदलला तरी पोर्टचं नाव जुन्याच आकड्यांचं राहतं. ते बघून ‘बदल झालाच नाही’ असं समजून लोक पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. नावाकडे लक्ष देऊ नका, आतला पत्ता महत्त्वाचा. त्याच खिडकीत ‘एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड’ अशी खूण असते, म्हणजे विंडोज प्रिंटरला त्याची स्थिती विचारतं. काही प्रिंटर त्या विचारणेला उत्तर देत नाहीत आणि चालू असूनही ऑफलाइन दिसतात. पत्ता बरोबर असूनही ऑफलाइन दाखवत असेल, तर ती खूण काढून बघा.

ओळ ‘डब्ल्यूएसडी’ने सुरू होत असेल तर विंडोज प्रिंटरला हाक मारून शोधतं आणि ती हाक प्रत्येक वेळी पोचतेच असं नाही. ‘ॲड पोर्ट’मधून टीसीपी/आयपी पोर्ट बनवून घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

ड्रायव्हर अनेकदा टाकला असेल तर यादीत एकाच प्रिंटरच्या मागे ‘कॉपी १’, ‘कॉपी २’ अशी पिलावळ दिसते. डीफॉल्ट मात्र जुनाच राहिलेला असतो. चालतो तो ठेवा, बाकीचे काढून टाका.

पत्ता कायमचा बांधताना

यासाठी दोन वाटा आहेत. पहिली, प्रिंटरमध्येच पत्ता हाताने भरणं. इथे चूक अशी होते की राउटर वाटत असलेल्या पत्त्यांतलाच एक पत्ता प्रिंटरला दिला जातो. प्रिंटर बंद असताना राउटर तोच पत्ता एखाद्या फोनला देतो आणि एका पत्त्यावर दोघं भांडतात. शिवाय इंटरनेट कंपनी बदलली, नवा राउटर १९२.१६८.२९ ने पत्ते देऊ लागला, तर १९२.१६८.१ वर अडकलेला प्रिंटर कुणालाच सापडत नाही.

दुसरी वाट मला घरासाठी योग्य वाटते : राउटरमध्ये ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ करणं. काही राउटरवर यालाच ‘स्टॅटिक लीज’ किंवा ‘आयपी-मॅक बाइंडिंग’ म्हणतात. प्रिंटर नेहमीसारखा पत्ता मागतो आणि राउटर त्याचा मॅक ॲड्रेस ओळखून दर वेळी तोच देतो. मॅक ॲड्रेस १२ खुणांचा असतो, त्यात ० ते ९ आकडे आणि ए ते एफ ही अक्षरं येतात. ‘ओ’ अक्षर त्यात नसतंच, गोल दिसलं की शून्य. बी आणि ८ मात्र नीट बघून लिहा. वायरचं सॉकेट असलेल्या प्रिंटरला वायरचा एक आणि वायफायचा एक असे दोन मॅक ॲड्रेस असतात. केलेलं रिझर्व्हेशन लागू होत नाही, याचं नेहमीचं कारण म्हणजे वायरचा मॅक लिहिलेला असणं. राउटरच्या ‘कनेक्टेड डिव्हायसेस’ यादीतून प्रिंटर निवडला, तर लिहिण्याची वेळच येत नाही.

‘ऑफिसातून घरच्या प्रिंटरवर छापता यावं’ म्हणून राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे इंटरनेटवरून थेट प्रिंटरपर्यंत वाट, करून देणारे तंत्रज्ञ भेटतात. तसं करू देऊ नका. नोव्हेंबर २०१८ मध्ये एका हॅकरने जगभरातल्या सुमारे ५०,००० उघड्या प्रिंटरवर आपला मजकूर छापल्याचा दावा केला होता. ते प्रिंटर असेच ९१०० क्रमांकाच्या पोर्टने थेट इंटरनेटवर उघडे होते. दुरून छापायची गरज असेल तर प्रिंटर कंपनीची ॲपमधली सोय वापरा.

पिंगचं उत्तर नीट वाचा

पत्ता टाकून झाला की ‘पिंग’ करून, म्हणजे त्या पत्त्याला हाक मारून उत्तर येतं का ते, बघतात, हे चांगलंच आहे. पण विंडोज ‘डेस्टिनेशन होस्ट अनरिचेबल’ असं सांगतं, तेव्हाही खाली हिशेबात चारही पॅकेट आल्याचं आणि नुकसान ० टक्के असल्याचं लिहून येतं. ते उत्तर प्रिंटरचं नसतं, तुमच्याच लॅपटॉपचं असतं. ‘रिप्लाय फ्रॉम’नंतरचा पत्ता प्रिंटरचा आहे का ते वाचा. तो असला तरी जुन्या पत्त्यावर आता टीव्ही बसलेला असू शकतो आणि पिंगला उत्तर तोच देत असेल. म्हणून तोच पत्ता ब्राउझरमध्ये टाका. बहुतेक वायफाय प्रिंटरचं स्वतःचं पान उघडतं, त्यावर मॉडेलचं नाव आणि शाईची पातळी दिसते. ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असा इशारा आला तर घाबरू नका, प्रिंटरचं प्रमाणपत्र त्याने स्वतःच बनवलेलं असतं, म्हणून ब्राउझर हटकतो.

हे पान उघडलं आणि तरीही कागद बाहेर येत नसेल, तर दोष पत्त्याचा नाही. रांगेत अडकलेली जुनी कामं रद्द करा, विंडोजची ‘प्रिंट स्पूलर’ ही रांग सांभाळणारी सेवा बंद करून पुन्हा सुरू करा, आणि एवढं करूनही जमलं नाही तरच ड्रायव्हर काढा.