सैनिकी सेवेचा दावा कसा पडताळावा

समाजमाध्यमांवर एखादे गृहस्थ स्वतःला माजी सैनिक म्हणवतात आणि त्यांच्या सांगण्यातले काही खटकते, तेव्हा कागदपत्रे मागण्याआधी भरतीचे साल, पलटण, प्रशिक्षणाचे ठिकाण आणि निवृत्तीच्या वेळचा हुद्दा त्यांच्याच लिखाणातून टिपून घ्यावा. खोटा दावा बहुधा या तपशिलांचा मेळ घालतानाच अडखळतो. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातील सागरला, तर बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंत्यांच्या दलाचे खडकीला आहे. त्यामुळे मराठा पलटणीत भरती होऊन सागरला रिक्रूट म्हणून घडल्याचे कोणी सांगत असेल, तर खुलासा जरूर विचारावा. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून थेट लेफ्टनंट झाल्याची कथाही अशीच संशयास्पद, कारण तेथील तीन वर्षांनंतर भूदलाच्या छात्राला डेहराडूनच्या भारतीय लष्करी प्रबोधिनीत आणखी एक वर्ष काढावे लागते.

गणवेशातील छायाचित्र असल्यास छातीवरील पदकांच्या फिती बारकाईने पाहाव्यात. स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवाचे पदक १५ ऑगस्ट १९९७ रोजी सेवेत असलेल्यांना मिळाले. ते लावणारे गृहस्थ २००३ साली भरती झाल्याचे सांगत असतील, तर साल आणि फीत यांतले एक काहीतरी चुकीचे आहे. शौर्यपदकाचा दावा तपासणे त्याहून सोपे, कारण मानकऱ्यांची नावे राजपत्रात आणि संरक्षण मंत्रालयाच्या शौर्य पुरस्कारांच्या संकेतस्थळावर मिळतात. मात्र पदक नसणे म्हणजे सेवा नसणे नव्हे. लंगरात, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाकघरात, किंवा कचेरीत पंधरा वर्षे काढलेला माणूसही सैनिकच असतो.

माहितीच्या अधिकारात कोणाचा सेवा अभिलेख मागितल्यास तो वैयक्तिक माहिती म्हणून नाकारला जाण्याचीच शक्यता अधिक. नोकरी, देणगी किंवा भाडेकराराचा प्रश्न असेल, तर डिस्चार्ज बुक (सेवामुक्तीच्या वेळी मिळणारी नोंदपुस्तिका) किंवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे ओळखपत्र समक्ष पाहावे. ते सर्वांसमोर टाकण्याचा आग्रह धरू नये. उलट, बदली झाल्याचे सांगून घर पाहण्याआधीच ओळखपत्राचा आणि कॅन्टीन कार्डाचा फोटो पाठवणारा ‘फौजी’ हा ठगांचा जुना प्रकार आहे. अनामत पाठवतो म्हणून त्याने क्यूआर कोड स्कॅन करायला लावला, तर थांबावे, कारण पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही की पिन टाकावा लागत नाही. रक्कम गेलीच, तर तत्काळ १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

विसंगती सापडली तरी चारचौघांत ‘तोतया’ म्हणू नये. आधी खासगीत विचारावे आणि फसवणूक दिसली, तर संभाषणाचे स्क्रीनशॉट जपून पोलिसांकडे जावे.