आधी डोक्याचं तेल, मग मेंदू

चित्र काढताना माणसाच्या मेंदूत काय चालतं ते पडद्यावर दिसेल, या आशेने मी कला-उपचार आणि मेंदू यांच्या संशोधनात आले. तुम्हालाही यात यायचं असेल, तर हे तुमच्यासाठी. पहिली चाचणी फसली ती तेलामुळे. सहभागी मावशी चापूनचोपून तेल लावून आल्या, आणि ईईजीच्या, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरी टिपणाऱ्या टोपीतला एकही इलेक्ट्रोड नीट संपर्क धरेना. ‘केस धुऊन, तेल न लावता या’ हे सांगायचं मीच विसरले होते.

या विषयात यंत्र आणि कला एकमेकांशी भांडतात. ईईजीत पापणी लवली, दात आवळले, तरी लाटा बिघडतात. माती मळायला दिली तर बघायलाच नको. एफएमआरआयच्या, म्हणजे चुंबकाच्या मदतीने मेंदूतला रक्तप्रवाह टिपणाऱ्या स्कॅनच्या नळीत तर डोकं जराही हलवायचं नाही. म्हणून जर्मनीतल्या 2014च्या अभ्यासात 28 निवृत्तांचे स्कॅन आधी आणि नंतर घेतले. मधले दहा आठवडे निम्म्यांनी स्वतः चित्रं काढली, निम्म्यांनी संग्रहालयातल्या चित्रांवर चर्चा केली. मेंदूच्या काही भागांमधला ताळमेळ सुधारला तो काढणाऱ्यांचा.

हातात खडू असतानाच मोजायचं असेल तर एफनिर्स. कपाळावरच्या पट्टीतून डोळ्यांना न दिसणारा निकट-अवरक्त प्रकाश आत जातो आणि रक्तातल्या प्राणवायूचा अंदाज देतो. फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल यांच्या गटाने 2017मध्ये 26 जणांना रंग भरायला, गिरगटायला आणि मनासारखं काढायला दिलं. तिन्ही वेळा कपाळामागच्या भागातला रक्तप्रवाह विश्रांतीपेक्षा वाढला. पण हा प्रकाश मेंदूच्या वरच्या थरापलीकडे जात नाही. भीतीशी जोडला जाणारा अमिग्डाला खूप आत असतो, तेव्हा या पट्टीच्या भरवशावर ‘भीती कमी झाली’ असं लिहू नका. शिवाय ड्रेक्सेलच्या त्या प्रयोगात उपचार चालूच नव्हता. चित्र काढणं वेगळं, थेरपिस्टसमोर बसून काढणं वेगळं. या संशोधनात येतानाच्या मुलाखतीत हा फरक हमखास विचारतात.

अर्ज करण्याआधी दोन गोष्टी करा. परवानगी मिळाली तर एखाद्या कला-उपचार गटात काही आठवडे रंग धुवायचं, कागद लावायचं काम करा. मला तिथे कळलं की बराच वेळ कोणी काही काढतच नाही, आणि ती शांतता प्रयोगात कुठे बसवायची यावर आमचे वाद अजून चालू आहेत. दुसरं, ओपनन्यूरो या मेंदूच्या नोंदींच्या खुल्या संकेतस्थळावरचा मोफत डेटा उतरवून पायथन या प्रोग्रामिंग भाषेत साफ करायला शिका. पहिलं वर्ष त्यातच जातं.