बारावी इतिहास: सगळं पाठ असूनही मार्क कुठे गळतात? या चुका टाळा

सराव परीक्षेचे पेपर वाटले की ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या वर्गात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "सर, मी तर दोन पानं लिहिली होती!" लिहिलेली असतात, खोटं नाही. पण प्रश्न विचारतो एक आणि पानं सांगतात भलतंच.

सगळ्यात जास्त गळती 'सकारण स्पष्ट करा'मध्ये. समजा विधान आलं, 'इंग्रजांनी भारतात रेल्वे सुरू केली ती स्वतःच्या फायद्यासाठी.' ठाण्याची पोरं खूश होतात, घरचाच विषय! 16 एप्रिल 1853, बोरीबंदर ते ठाणे, 34 किलोमीटर, 14 डबे, 400 प्रवासी. सगळं बरोबर, पण यात 'का' कुठे आहे? आतल्या मुलखातला कापूस बंदरापर्यंत आणायचा होता. विलायती कापड उलट आत पोचवायचं होतं. गडबड झाली तर फौज झटपट हलवायची होती. शिवाय रेल्वे कंपन्यांना भांडवलावर 5 टक्के परताव्याची हमी होती. तो कमी पडला तर भरपाई इथल्या करातून. हे मुद्दे आधी लिहा, पहिली गाडी नंतर एका ओळीत. लिहिताना प्रत्येक वाक्यापुढे 'म्हणून' लावून मूळ विधान वाचून बघा. जुळलं तर ठेवा. '14 डबे होते, म्हणून फायद्यासाठी' हे काही जुळत नाही.

दुसरी चूक तहांची. सुरत, पुरंदर, वडगाव, सालबाई, वसई अशी यादी आणि पुढे साल. मीही पूर्वी अशीच यादी फळ्यावर लिहून द्यायचो, आणि पेपरात ती उलटीसुलटी होऊन परत यायची. 1665 चा पुरंदरचा तह शिवाजी महाराज आणि मिर्झाराजे जयसिंग यांचा, 1776 चा पुरंदरचा तह पेशवाई आणि इंग्रजांचा. वसईचंही तेच. 1739 ला चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तर 1802 च्या वसईच्या तहात दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांची तैनाती फौज, म्हणजे आपल्या खर्चाने पदरी ठेवायचं इंग्रजांचं सैन्य, स्वीकारली. नाव एक, गोष्टी दोन.

यावर मला सापडलेला तोडगा अगदी गावठी आहे. प्रत्येक तहाला एकच प्रश्न विचारायचा: ठाणं कुणाकडे गेलं? ठाणं म्हणजे तेव्हाच्या साष्टी बेटातलं मोक्याचं ठिकाण. 1737 ला मराठ्यांनी ते पोर्तुगीजांकडून घेतलं. 1774 च्या डिसेंबरात इंग्रजांनी किल्ला घेतला, तोच किल्ला आज मध्यवर्ती कारागृह आहे, त्याच्या भिंतीवरून तुम्ही रोज जाता. 1775 ला सुरतेत, पेशवेपद हवं असलेल्या रघुनाथरावांनी इंग्रजांच्या लष्करी मदतीच्या बदल्यात साष्टी आणि वसई देऊ केली. 1776 ला पुरंदरला साष्टी इंग्रजांकडेच राहिली. 1779 ला वडगावला कोंडीत सापडलेल्या इंग्रजांनी ती परत करायचं कबूल केलं, पण पाळलं नाही. 1782 ला सालबाईने साष्टी कायमची इंग्रजांची झाली, सवाई माधवराव पेशवे म्हणून मान्य झाले आणि रघुनाथरावांना पेन्शन मिळाली. बघा, पहिलं इंग्रज-मराठा युद्ध आपोआप सांगून झालं.

'चुकीची जोडी ओळखा'मध्ये क्रांतिकारकांची नावं घोटाळा करतात. प्लेग अधिकारी रँडचा वध पुण्यात, 1897, चापेकर बंधू. कलेक्टर जॅक्सनचा वध नाशकात, 1909, अनंत कान्हेरे. कान्हेरेंना 19 एप्रिल 1910 ला फाशी झाली ती याच ठाण्याच्या तुरुंगात. नुसतं नाव पाठ करू नका, नाव-गाव-साल असं एकत्र म्हणा.

'तुमचे मत नोंदवा' म्हटलं की अर्धा वर्ग 'मला असे वाटते की ते फार महान होते' असं लिहून मोकळा होतो. मत म्हणजे कौतुक नव्हे. 'वसईच्या तहाने पेशवाईचं स्वातंत्र्य संपलं' यावर मत द्यायचं तर आधी हो की नाही ते ठरवा, मग तैनाती फौज, तिच्या खर्चापायी दिलेला मुलूख, परराष्ट्र व्यवहारावर आलेलं बंधन, असे तीन आधार द्या. 'नाही' म्हणायचं असेल तर तहानंतरही 1803 ला शिंदे-भोसले इंग्रजांशी लढले, याचा उपयोग करा. दोन्ही चालतं, बिनआधाराचं चालत नाही.

नकाशाबद्दल एवढंच: रोज दहा मिनिटं कोरा नकाशा घ्या आणि पुस्तक मिटून भरा.

आणि वेळ. तीन तासांतला पाऊण तास पहिल्याच टिपेवर गेला की शेवटचा मोठा प्रश्न तार पाठवल्यासारखा लिहिला जातो. घरी घड्याळ लावून एक टीप लिहून बघा. तुमचा वेग कळला की पेपराच्या मागच्या पानावर कुठल्या प्रश्नाला किती मिनिटं, ते पेन्सिलीने लिहा आणि तेवढ्यात उत्तर तोडा, अगदी मधल्या वाक्यातसुद्धा. खाली चार ओळी मोकळ्या सोडा. वेळ उरला तर तिथे परत येता येतं.