हरणासाठी आपली रायफल: निवडायची कशी, घडवायची कशी

मध्य पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरांत मला शिकार शिकवली ती आमच्या शेजारच्या आजोबांनी. पहिली रायफल घ्यायचं ठरलं तेव्हा मी त्यांना काडतुसांची नावं विचारत होतो आणि ते मलाच उलट विचारत होते, "तू जिथे बसणार, तिथून हरीण दिसेल तरी किती लांबचं?" मग आम्ही दोघं त्या जागेवर गेलो आणि पावलं टाकून मोजलं. ओक आणि हेमलॉकच्या त्या दाटीत सगळ्यात लांब मोकळी रेघ निघाली ९० यार्डांची, म्हणजे ८२ मीटर. बाकी सगळीकडे नजर चाळीस-पन्नास यार्डांवर अडत होती.

रायफलची निवड इथून सुरू करा, दुकानापासून नको. हरणाला एकाच गोळीत, तळमळू न देता खाली आणता आलं पाहिजे. ते जमणार नसेल तर चापावर बोट ठेवू नये, असं मी मनापासून मानतो. पुढचं सगळं याच एका गोष्टीसाठी आहे.

आधी कायदा

हे सगळं अमेरिकेबद्दल आहे, हे सुरुवातीलाच सांगतो. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार शिकार हा गुन्हा आहे. अमेरिकेत ग्रीन कार्ड असलेल्याला रायफल विकत घेता येते. पण एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल, तर संघराज्याच्या कायद्याने बंदूक बाळगायलाच मनाई आहे. तिला जे मोजके अपवाद आहेत त्यांतला एक म्हणजे अमेरिकेतल्या राज्याने दिलेला, मुदतीतला शिकार परवाना. म्हणून आधी शिकारी-प्रशिक्षणाचा वर्ग, मग परवाना आणि त्यानंतर दुकान, हा क्रम मोडू नका. शंका असेल तर वकिलाला विचारा, कारण इथली चूक थेट इमिग्रेशनवर येते.

राज्याराज्यांत नियम वेगळे. पेनसिल्व्हेनियात हरणासाठी सेमीऑटोमॅटिक रायफल चालत नाही, दर गोळीनंतर हाताने बोल्ट किंवा लिव्हर ओढावी लागते. फिलाडेल्फियाच्या आसपास, जिथे आपली मराठी कुटुंबं बरीच आहेत, त्या काउंट्यांत हरणासाठी नेहमीची रायफल चालत नाही, शॉटगन किंवा मझललोडर (नळीच्या तोंडातून दारू-गोळी भरायची बंदूक) लागते. शेजारच्या ओहायोत सरळ भिंतीच्या, म्हणजे तोंडाशी न आवळलेल्या, काडतुसांच्याच रायफली चालतात. विंचेस्टरचं .३५० लेजंड हे काडतूस २०१९ मध्ये आलं ते अशाच राज्यांसाठी. नियमांची पुस्तिका दर वर्षी नवी निघते, ती दर वर्षी वाचा.

काडतूस: अंतर आणि खांदा

बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलीत व्हाइटटेल हरणासाठी पाच-सहा काडतुसांच्या पलीकडे जायची गरज नाही. थर्टी-ऑट-सिक्स १९०६ सालचं, अमेरिकी लष्करासाठी बनलेलं. .२७० विंचेस्टर १९२५ चं. .३०८ विंचेस्टर १९५२ चं. त्याचंच कवच तोंडाशी आवळून १९५५ मध्ये .२४३ विंचेस्टर झालं आणि १९८० मध्ये ७ एमएम-०८ रेमिंग्टन. ६.५ क्रीडमूर २००७ चं. शंभर यार्डांच्या आतल्या जंगलात यांपैकी कुठलंही काडतूस हरणाला पुरून उरतं. लिव्हर-अ‍ॅक्शनमधलं १८९५ चं थर्टी-थर्टीसुद्धा तिथे आजही आपलं काम चोख करतं.

मग फरक कशात? धक्क्यात. आठ पौंडांच्या आसपास वजन असलेल्या रायफलीत .२४३ चा धक्का साधारण ९ फूट-पौंड, ७ एमएम-०८ आणि क्रीडमूरचा १२-१३, .३०८ चा १६ च्या आसपास आणि थर्टी-ऑट-सिक्सचा १८ ते २०. कागदावर हे आकडे जवळजवळचे दिसतात, खांद्यावर तसे लागत नाहीत. धक्क्याची धास्ती बसली की चाप ओढण्याच्या क्षणी डोळा मिटतो, खांदा पुढे ढकलला जातो आणि गोळी फुफ्फुसात लागण्याऐवजी पोटात लागते. पोटात गोळी लागलेलं हरीण तासन्‌तास तडफडतं. त्यामुळे नवख्याला मी ७ एमएम-०८, क्रीडमूर किंवा .३०८ यांतलंच एक सांगतो. यातही गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात हमखास मिळतं ते .३०८.

रायफल अंगाला बसते का

यासाठी दुकानात घाई करू नका. सोबत शिकारीचा जाडा कोट न्या, कारण नोव्हेंबरच्या अखेरीस तो अंगावर असणारच. आधी आपला बलवान डोळा कुठला ते बघा. दोन्ही हात पुढे लांब करून तळव्यांमध्ये छोटी खिडकी करा, तिच्यातून लांबची एखादी वस्तू दोन्ही डोळ्यांनी बघा आणि मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला वस्तू खिडकीतच दिसते, तो तुमचा डोळा. तो डावा असेल तर डाव्या हाताची रायफल मागा, ती मिळते.

मग रायफल रिकामी असल्याची स्वतः खात्री करा, तोंड सुरक्षित दिशेला ठेवा, डोळे मिटून ती खांद्याला लावा, गाल दस्त्यावर (रायफलीच्या लाकडी किंवा सिंथेटिक अंगावर) टेकवा आणि डोळे उघडा. दुर्बिणीतलं वर्तुळ मान न हलवता पूर्ण दिसलं तर रायफल तुमची. कडेला काळी चंद्रकोर दिसत असेल तर दस्ता लांब, आखूड, वर किंवा खाली आहे. कारखान्यातून येणाऱ्या दस्त्यांची चापापासून मागच्या टोकापर्यंतची लांबी बहुधा साडेतेरा ते पावणेचौदा इंच असते. माझी उंची पाच फूट पाच इंच. कोट घातल्यावर मला सव्वातेरापेक्षा जास्त चालत नाही, दस्ता काखेतच अडकतो. आता पातळ-जाड चकत्या घालून लांबी बदलता येईल असे दस्ते मिळतात, आपल्यासारख्या बांध्याच्या लोकांनी तेच बघावेत.

वजन दुर्बिणीसकट साडेसात ते आठ पौंड असावं. फार हलकी रायफल चढावर सुखाची, पण उडताना खांद्यावर जड.

विन्चेस्टर मॉडेल ७० (१९३६), सॅव्हेज ११० (१९५८), रेमिंग्टन ७०० (१९६२) या जुन्या घराण्यांच्या वापरलेल्या रायफली चांगल्या अवस्थेत मिळतात, आणि नळी एकदा तपासून घेतली तर त्या घ्यायला मी मुळीच कचरणार नाही. फिनलंडच्या टिक्काचा बोल्ट इतका गुळगुळीत सरकतो की एकदा हातात घेऊन बघाच.

घडवायची ती इथून पुढे

नळी बदलणं, चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) कापणं हे तालीम घेतलेल्या गनस्मिथचं, म्हणजे बंदुकीच्या कारागिराचं काम. .३०८ उडताना चेंबरमध्ये दर चौरस इंचाला ६२,००० पौंडांपर्यंत दाब जातो आणि हे सगळं तुमच्या गालापासून वीतभर अंतरावर घडतं. बोल्ट आणि काडतूस यांच्यातली जागा गेजने मोजल्याशिवाय नवी नळी वापरू नये. बाकी तीन कामं मात्र जाणकार माणूस शेजारी बसवून घरी करता येतात: दस्ता, चाप आणि दुर्बीण.

दस्त्याची परीक्षा सोपी. डॉलरची नोट नळी आणि दस्ता यांच्यामध्ये घाला आणि चेंबरच्या दिशेने सरकवत न्या. मध्येच अडकली तर तिथे लाकूड नळीला टेकतं आहे. लाकूड पावसात फुगतं, सुकलं की आकसतं, तसा नळीवरचा दाब बदलतो आणि गोळी सरकते. अडलेली जागा कानशीने आणि सँडपेपरने मोकळी करा आणि उघड्या पडलेल्या लाकडाला तेल किंवा वॉर्निश लावून पाणी बंद करा. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता मला जिवापाड आवडतो. पण बर्फात आणि पावसात तासन्‌तास बसणार असाल तर सिंथेटिकच घ्या.

चापाचं वजन शिकारीसाठी तीन ते चार पौंड असावं. थंडीत बधिर झालेल्या, हातमोज्यातल्या बोटाला त्याहून हलका चाप धोक्याचा. सॅव्हेजने या शतकाच्या सुरुवातीला अ‍ॅक्युट्रिगर आणल्यापासून बऱ्याच नव्या रायफलींचा चाप घरीच कमी-जास्त करता येतो, पण कंपनीच्या पत्रकात दिलेल्या मर्यादेतच. स्क्रू फिरवल्यावर रिकाम्या रायफलीची परीक्षा घ्या: बोल्ट जोरात बंद करा, सेफ्टी लावून चाप ओढा, मग सेफ्टी काढा, मग दस्त्याचं टोक रबरी चटईवर आपटा. यात एकदा जरी काडतुसावर आपटणारी पिन आपोआप सुटली तरी रायफल गनस्मिथकडे.

दुर्बीण. माझा पहिला मोसम हिने वाया घालवला. ती दुकानातच बसवून घेतली होती, आणि सरावात तिसऱ्या दिवशी गोळ्या उजवीकडे सरकू लागल्या. काडतूस बदललं, नळी साफ केली, स्वतःला दोष दिला. शेवटी बोटाने हलवून पाहिलं तर खालच्या पट्टीचा स्क्रू सैल होता. तेव्हापासून मी दुर्बीण स्वतः बसवतो. जंगलासाठी तीन ते नऊ पट आणि ४० मिलिमीटर भिंगाची साधी दुर्बीण पुरते. बसवायची अशी:

१. मॅगझिन आणि बोल्ट काढून चेंबर रिकामं असल्याचं बघा. स्क्रू आणि त्यांची भोकं अल्कोहोलने पुसा, तेलाचा अंशही नको.

२. पट्टीच्या स्क्रूंना निळ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू सैल न होऊ देणाऱ्या द्रवाचा) थेंब लावून ते इंच-पौंड मोजणाऱ्या टॉर्क पान्याने आवळा. आकडा कंपनीच्या पत्रकातला.

३. दुर्बीण नळीला न टेकता जितकी खाली बसेल तितकी खाली ठेवा. कोट घालून रायफल खांद्याला लावा, दुर्बीण सगळ्यात मोठ्या पटीवर करा आणि वर्तुळ पूर्ण दिसेपर्यंत पुढे-मागे सरकवा. भिवई आणि काच यांत साडेतीन इंच तरी राहू द्या, नाहीतर धक्क्याबरोबर भुवई फुटते.

४. रायफल पातळीत धरून आतली उभी रेघ ओळंब्याच्या दोरीशी जुळवा.

५. दुर्बीण धरणाऱ्या कड्यांचे स्क्रू आलटून-पालटून, थोडे थोडे आवळा. बहुतेक कड्यांना १५ ते १८ इंच-पौंड पुरतात, जास्त आवळलं तर दुर्बिणीची नळी चिमटते.

गोळी आणि नेम

प्रत्येक रायफलीला एखादं काडतूस मानवतं, आणि ते उडवून बघितल्याशिवाय कळत नाही. तीन कंपन्यांची एकेक पेटी आणा. हरणासाठी लागल्यावर फुलणारीच गोळी हवी. शिशाची मऊ टोकाची गोळी स्वस्त आणि भरवशाची, पण तिचे बारीक कण मांसात पसरतात आणि जंगलात सोडलेल्या आतड्यांतून गरुडांच्या पोटात जातात. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिसं बंद केलं ते याच कारणाने. घरात लहान मुलं ते मांस खाणार असल्यामुळे मी तांब्याची गोळी वापरतो.

कानांवर आणि डोळ्यांवर संरक्षण घालून रेंजवर बसा. रायफलीचा पुढचा भाग वाळूच्या पिशवीवर टेकवा, नळी टेकवू नका. बोल्ट काढून नळीतून २५ यार्डांवरचा कागद मधोमध धरा आणि रायफल न हलवता दुर्बिणीची फुली तिथे आणा. मग तीन गोळ्या. बहुतेक दुर्बिणींच्या फिरकीची एक टिकटिक नेम १०० यार्डांवर पाव इंच सरकवते, म्हणजे २५ यार्डांवर एका इंचासाठी १६ टिकटिक लागतात. हे जुळलं की १०० यार्डांवर जा. नळी हाताला कोमट लागली तर थांबा, तापलेल्या नळीच्या गोळ्या पसरतात. तीन गोळ्या दीड इंचात पडल्या तरी हरणासाठी रायफल उत्तम. .३०८ किंवा ७ एमएम-०८ ची गोळी १०० यार्डांवर सुमारे दोन इंच वर ठेवली, तर २०० वर ती नेमकी लागते आणि ३०० वर सात-आठ इंच खाली जाते. दाट जंगलात बसणाऱ्याने १०० वरच शून्य धरावं, म्हणजे गोळी तिथे नेमकी फुलीवर लागेल असं जुळवावं, मनात काही मोजावं लागत नाही.

हे झालं की टेबल सोडा. हरणाच्या खांद्यामागचा, हृदय-फुफ्फुसांचा भाग आठ इंचांच्या वर्तुळात मावतो, कागदी थाळीएवढा. थाळी लावा आणि बसून, गुडघ्यावर, झाडाला टेकून, उभं राहून, सगळ्या तऱ्हांनी उडवा. ज्या अंतरावर पाचही गोळ्या थाळीत राहतात, ते त्या बैठकीचं तुमचं अंतर. पाचांतली एक बाहेर गेली तरी पुढे या. नळी रात्रभर गार राहिल्यावर सकाळची पहिली गोळी वेगळ्या कागदावर नोंदवा, कारण जंगलात हरणासाठी तुमच्याकडे तीच असते. त्या आधी नळीतलं तेल कोरड्या चिंधीने पुसून काढायला विसरू नका, तेलकट नळीची पहिली गोळी भरकटते.

पेनसिल्व्हेनियात रायफलीचा मोसम २०१९ पासून थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी उघडतो, आणि डोकं, छाती, पाठ मिळून २५० चौरस इंच झळझळीत नारिंगी रंग अंगावर लागतो. त्याच्या आठवडाभर आधी मी दस्त्याच्या आतल्या बाजूला पांढऱ्या टेपची नवी पट्टी चिकटवतो. यंदाच्या पट्टीवर काडतुसाचं नाव आणि लॉट नंबर आहे, आणि खाली तीन आकडे: बसून १२०, झाडाला टेकून १००, उभं राहून ४५. आजोबांसोबत मोजलेली ती मोकळी रेघ ९० यार्डांची आहे, म्हणून त्या जागेवर मी हेमलॉकला टेकूनच बसतो.