फॅटी लिव्हर असेल तर साखर कापायची कुठून?

वजन जास्त आणि सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर' (यकृतात साठलेली चरबी) आलं, की बहुतेक घरांत तेल-तूप कमी होतं आणि साखरेच्या जागी गूळ येतो. त्या गुळाने यकृताचं ओझं हलकं होत नाही. साखरेत निम्मं ग्लुकोज, निम्मं फ्रुक्टोज. ग्लुकोज सगळं शरीर वापरतं. फ्रुक्टोजचा मोठा वाटा यकृतातच जिरवावा लागतो, आणि तिथे त्याच्या वेगाला लगाम नसतो. जादा झालेल्याची चरबी बनते, युरिक अ‍ॅसिडही वाढतं. गूळ, मध, खजुराचं सिरप यांतही हीच साखर असते. अख्ख्या फळाचं तसं नाही: चोथा असतो, खाल्लंही सावकाश जातं. गाळलेला रस मात्र साखरेतच धरा.

आधी दोन दिवस मोजा. सपाट चमचा म्हणजे ४ ते ५ ग्रॅम. घरात शिगोशीग घेतात, तो ७ पर्यंत जातो. चार कप चहा, प्रत्येकी दोन सपाट चमचे, म्हणजे ३२ ते ४० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार शक्यतो दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहावं, त्यामुळे चहातच हिशेब संपला. कोल्ड्रिंकच्या २५० मिलीत साधारण २६ ग्रॅम असते, उसाच्या रसात त्याहून जास्त. म्हणून पहिली कात्री पेयांना, आणि ती एकदम लावा. सणाची पुरणपोळी नंतर बघू.

चहाची साखर मात्र टप्प्याटप्प्याने उतरवा. पातेल्यात अंदाजाने टाकणं बंद करून कपात मोजून घाला, दर दहा दिवसांनी कपामागे पाव चमचा कमी. एकदम बंद केली की चहासोबतची बिस्किटं वाढतात, आणि ग्लुकोज बिस्किटांत वजनाचा जवळपास पाव भाग साखर असते.

साखरेऐवजी गोडीच्या गोळ्या-पुड्या चालतील का? साखर सोडवेपर्यंत, हो. पण नुसत्या त्यांच्या भरवशावर वजन उतरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये वजन घटवण्यासाठी त्या वापरू नयेत असंच सुचवलं (मधुमेह असलेल्यांना ही सूचना लागू नाही). अ‍ॅस्पार्टेम (अशा गोळ्यांतला एक गोड पदार्थ) उकळत्या चहात घालू नका, गोडी जाते. गाळल्यावर कपात टाका. फिनाइलकीटोन्युरिया (प्रथिनांतलं फिनाइलअलानिन शरीराला न पचण्याचा जन्मजात आजार) असलेल्यांनी ते टाळायचंच. स्टेव्हियाच्या पुडीवर माल्टोडेक्स्ट्रिन किंवा डेक्स्ट्रोज लिहिलंय का बघा, ते ग्लुकोजच. 'शुगर फ्री' मिठाईत बऱ्याचदा माल्टिटॉल असतं: उष्मांक साखरेच्या निम्म्याहून थोडे जास्त, आणि चार-पाच तुकड्यांत पोट बिघडू शकतं. खवा-तूप तर तसंच राहतं.

पाकिटावर 'अ‍ॅडेड शुगर्स'चा आकडा १०० ग्रॅममागे वाचा. 'प्रति सर्व्हिंग'चा आकडा छोटा दिसतो.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असतील, तर साखर कापण्याआधी डॉक्टरांना सांगा. डोस तोच राहिला तर रक्तातली साखर घसरू शकते.

वजनात ५ टक्के घट झाली तरी यकृतातली चरबी उतरू लागते. सूज कमी व्हायला ७ ते १० टक्के लागते. तीन महिन्यांनी एसजीपीटी (यकृताची रक्तचाचणी) करा, पण तो नॉर्मल आला म्हणून निर्धास्त होऊ नका. चरबी असूनही तो नॉर्मल येतो, आणि थोडी चरबी साध्या सोनोग्राफीत दिसतही नाही. यकृत किती कडक झालंय हे बघायला वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट्स यांवरून निघणारा फिब-४ हा आकडा डॉक्टरांकडून काढून घ्या, तो १.३ च्या वर गेला तर फायब्रोस्कॅनबद्दल (यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी) विचारा.