मॉरिशस: आधी महिना, मग ठिकाणं

आपली मंडळी मॉरिशसचा बेत बीचपासून आखतात. मी आधी महिना बघते. जून ते ऑगस्ट पूर्व किनाऱ्यावर वारा फार, म्हणून मुक्काम पश्चिमेला, फ्लिक-आं-फ्लाकला बरा. राजधानी पोर्ट लुईला मात्र अख्खा दिवस द्याच, तोही कामाच्या वारी. बाजारात गरम धोलपुरी (डाळ भरलेली पातळ पोळी) खा, मग पायीच जुम्मा मशीद, चायनाटाउन. आप्रवासी घाटावर घाई नको. भारतातून करारावर आणलेले गिरमिटिया मजूर बोटीतून उतरून याच पायऱ्या चढले, त्यांत रत्नागिरीकडचेही होते. दक्षिणेला ल मॉर्न: पळालेल्या गुलामांनी आसरा घेतलेला डोंगर. गंगा तलाव हे इथल्या हिंदूंचं तीर्थ, महाशिवरात्रीला गर्दी सोसत असेल तरच. शामारेलची रंगीत माती? वाटेत लागली तर बघा, मुद्दाम नको.