तक्त्यातलं पाणी आणि पट्टीवरचं पाणी: किनाऱ्यावर नव्याने कामाला लागणाऱ्यांसाठी

कोकण किनाऱ्यावरच्या जेट्या, छोटी बंदरं आणि खाड्यांची खोली मोजणाऱ्या सर्व्हे टीममध्ये मी काम करतो. पावसाळा सरला की आमच्या कामांना जोर येतो आणि भूगोल, सिव्हिल किंवा मत्स्यशास्त्र नुकतंच संपवलेली मुलंमुली टीममध्ये दाखल होतात. इको साउंडर (आवाजाच्या लहरींनी खोली मोजणारं यंत्र), जीपीएस, संगणकावरचं सॉफ्टवेअर त्यांना भराभर जमतं. गाडी अडते ती भरती-ओहोटीपाशी आणि समुद्राच्या हवामानापाशी. हे दोन्ही विषय कॉलेजात एखाद्या धड्यापुरते येतात, आणि इथे मात्र रोजचं काम त्यांच्यावर चालतं.

भरती-ओहोटीचा तक्ता सांगतो ते अपेक्षित पाणी. जेटीला बांधलेल्या पट्टीवर दिसतं ते खरं पाणी. दोघांत रोज काही ना काही फरक असतो, आणि तो का पडला हे कळायला लागलं की माणूस या कामात मुरायला लागला असं मी समजतो.

सुरुवात तिथीपासून करा. आपल्याकडे किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा हिशेब असा की तिथीला पाऊणने गुणा, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, दशमीला साडेसात वाजता, पहाटे किंवा सकाळी आणि पुन्हा दुपारी किंवा संध्याकाळी. पुनवेला-अवसेला बाराच्या आसपास. यामागचं गणित सरळ आहे. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा डोक्यावर येतो, म्हणून भरतीही रोज तेवढी पुढे सरकते, आणि ५० मिनिटं म्हणजे जवळपास पाऊण तासच. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचं अंतर पडतं. पण हा हिशेब मुंबईच्या आसपास चांगला बसतो, इतरत्र तसाच लावू नये. आपल्या किनाऱ्यालगत भरतीची लाट दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, त्यामुळे गोव्यात आणि सिंधुदुर्गात भरती मुंबईच्या आधी होते. मालवणात बसून मुंबईच्या वेळेवर होडी ठरवली तर पाणी तुमच्यासाठी थांबत नाही.

उधाण आणि भांग हे शब्द तुम्हाला पहिल्याच आठवड्यात ऐकू येतील. पुनवेच्या-अवसेच्या सुमारास सूर्य-चंद्राची ओढ एका रेषेत येते, भरती मोठी आणि ओहोटी खोल जाते, ते उधाण. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ काटकोनात असते, पाणी फार चढतही नाही आणि फार सुकतही नाही, तो भांग. नवे लोक पौर्णिमेच्या तारखेलाच सर्वांत मोठी भरती धरून चालतात. प्रत्यक्षात कमाल उधाण बहुधा त्यानंतर एक-दोन दिवसांनी लागतं. अजून एक गोष्ट वर्षभराचा तक्ता समोर पसरून स्वतः पाहा: मुंबईत पावसाळ्यात दिवसाची उधाणाची भरती रात्रीपेक्षा मोठी असते आणि हिवाळ्यात उलट, रात्रीची मोठी. म्हणूनच शहरात जून ते सप्टेंबरच्या दुपारी साडेचार मीटरवरच्या भरतीची बातमी येते. डिसेंबरातली तेवढीच भरती मध्यरात्री येऊन जाते आणि कुणाला कळतही नाही.

किनाऱ्याची लांबी लक्षात ठेवा. खंभातच्या आखातात भावनगरला उधाणाला पाणी दहा मीटरपर्यंत वर-खाली होतं. मुंबईत साडेतीन-चार मीटर. तिथून खाली उतरावं तसा हा फरक घटत जातो आणि गोव्यात दोन मीटरच्या आसपास येतो. पालघरकडून आलेला माणूस वेंगुर्ल्याचं पाणी पाहून म्हणतो, इथे ओहोटी लागतच नाही. लागते, फक्त कमी लागते.

आता मोजमापाकडे येतो, कारण यातच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. भरतीच्या तक्त्यातली उंची आणि समुद्राच्या नकाशावरची खोली ही चार्ट डेटमपासून मोजतात. ही पातळी मुद्दाम इतकी खाली धरलेली असते की नेहमीच्या ओहोटीत पाणी तिच्याखाली क्वचितच जातं. सिव्हिलच्या ड्रॉइंगवर मात्र आकडे सरासरी समुद्रसपाटीपासून असतात. मुंबईत या दोन शून्यांमध्ये सुमारे अडीच मीटरचं अंतर आहे. म्हणजे जेटीच्या ड्रॉइंगवरचा एक आकडा आणि नकाशावरचा एक आकडा शेजारी ठेवून वजाबाकी केली तर उत्तर अडीच मीटरने चुकेल, आणि कागदावर ते अगदी बरोबर दिसेल. म्हणून कुठलाही आकडा हातात आला की पहिला प्रश्न विचारा: शून्य कुठलं?

भरतीपट्टी, म्हणजे टाइड पोल, हे आमचं सर्वांत साधं साधन. जेटीच्या खांबाला उभी बांधलेली, सेंटिमीटरच्या खुणा असलेली पट्टी. तिचं शून्य जवळच्या बेंचमार्कवरून (उंची आधीच ठरलेल्या पक्क्या खुणेवरून) ऑटो लेव्हल, म्हणजे उंचीतला फरक मोजायची दुर्बीण, लावून पक्कं करायचं, आणि काम संपल्यावर पुन्हा तपासायचं, कारण एखादी होडी तिला घासून जाते आणि ती दोन बोटं सरकते. दर दहा मिनिटांनी वाचन घ्यायचं. पाणी कधीच स्थिर नसतं. लाट पट्टीवर ३.५२ ला टेकते आणि ३.३० पर्यंत उतरते. अशा वेळी अर्धा मिनिट बघत राहायचं, वरचा आकडा, खालचा आकडा, पुन्हा वरचा, पुन्हा खालचा, आणि त्यांचा मध्य लिहायचा: ३.४१. शेजारून ट्रॉलर गेला तर त्याच्या लाटा शमेपर्यंत थांबायचं. पट्टीजवळ भोकं पाडलेला पीव्हीसी पाइप उभा केला तर आतलं पाणी शांत राहतं आणि वाचन सोपं जातं. पण पाइपची भोकं चिखलाने आणि शिंपल्यांनी बुजतात, म्हणून ती पाहत राहावी लागतात. पट्टीवरही काही आठवड्यांत शेवाळ आणि बारीक धारदार शिंपल्या चढतात, आकडे झाकले जातात. साफ करताना हातमोजे घाला, त्या शिंपल्यांनी बोटं कापतात.

हे एवढं काटेकोर का, ते एका हिशेबात कळेल. इको साउंडरने खोली ६.२ मीटर दाखवली आणि त्याच क्षणी चार्ट डेटमच्या वर पाणी ३.४ मीटर असेल, तर नकाशावर जाणारी खोली २.८ मीटर. आता भरती कशी चढते ते पाहा. ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या सहा तासांत पाणी एकसारखं वाढत नाही. ढोबळमानाने पहिल्या तासात एकूण वाढीचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. एकूण वाढ चार मीटर असेल तर मधल्या दोन तासांत पाणी तासाला एक मीटरने चढतं. त्या वेळी पट्टीचं घड्याळ आणि होडीतलं घड्याळ यांत वीस मिनिटांचा फरक असेल तर खोलीत ३३ सेंटिमीटरची चूक शिरते. बार्ज चालवणाऱ्याला तेवढं पाणी कमी पडलं तर तळ चिखलात रुततो. सकाळी होडी सुटण्याआधी सगळ्यांची घड्याळं जुळवणं ही आमच्याकडे चहाच्याही आधीची गोष्ट आहे.

खाडीत शिरलात की वेगळं जग सुरू होतं. वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळला भरती पूर्ण होते तेव्हा वर चिपळूणजवळच्या गोवळकोटला पाणी अजून चढतच असतं. खाडी अरुंद आणि उथळ होत जाते तशी भरती उशिरा पोचते, लवकर भरते आणि ओसरायला जास्त वेळ घेते. पावसाळ्यात वरून नदीचं पाणी आलं की ओहोटी नीट लागतच नाही. जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडालं तेव्हा प्रचंड पावसाचं पाणी तर होतंच, पण खाडीतली भरतीही विसरून चालत नाही. मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला त्या दुपारीही समुद्राला मोठी भरती होती आणि नाल्यांना बाहेर पडायला वाव नव्हता. किनाऱ्यावरच्या कुठल्याही पुराचा अहवाल वाचताना भरतीची वेळ शोधा. ती नसेल तर तो अहवाल अपुरा आहे.

तक्ता हा फक्त सूर्य-चंद्राचा हिशेब आहे. त्यात वारा नाही, हवेचा दाब नाही, पाऊस नाही. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की पाणी साधारण एक सेंटिमीटर चढतं. दोन-तीन दिवस जोराचा वारा किनाऱ्याकडे वाहत राहिला की तोही पाणी आत ढकलतो. चक्रीवादळात हे सगळं एकदम येतं. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान आलं तेव्हा पावसाळा संपलेला होता आणि मासेमारी ऐन भरात होती. ३ जून २०२० ला निसर्ग रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. मे २०२१ मध्ये तौक्ते आपल्याकडे जमिनीवर न येता किनाऱ्याला समांतर वर गेलं आणि तरीही लाटांनी दाणादाण उडवली. वादळ आपल्या गावावर येणार नाही एवढ्यावर निश्चिंत होऊ नका.

रोजच्या कामाला दोन ठिकाणची माहिती लागते. हवामान खातं मच्छिमारांसाठी इशारे देतं आणि बंदरांवर कुठला बावटा लावायचा ते ठरवतं. तीन नंबरचा बावटा लागला म्हणजे बंदरात जोरदार वाऱ्याचा धोका आहे. त्या दिवशी होडी सोडायची नाही, साहेबांचा फोन आला तरी नाही. हैदराबादचं इन्कॉइस, म्हणजे समुद्राची माहिती देणारं केंद्र सरकारचं केंद्र, लाटांची उंची, त्यांची दिशा, प्रवाह आणि उसळीच्या, म्हणजे दुरून येणाऱ्या, लाटांचे इशारे देतं. त्यातली लाटांची उंची नीट समजून घ्या. दोन मीटर लिहिलं असेल तर ती सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. त्याच समुद्रात अधूनमधून जवळपास चार मीटरची लाटही येऊ शकते. उंचीपेक्षाही मी आधी पाहतो तो लाटांचा कालावधी, म्हणजे एकामागून एक येणाऱ्या दोन लाटांमधला वेळ. सहा सेकंदांच्या लाटा जवळच्या वाऱ्याने उठलेल्या, होडीला हेलकावे देणाऱ्या. पंधरा-सोळा सेकंदांच्या लाटा दूर दक्षिण हिंदी महासागरातून आलेल्या. वर वारा नाही, आकाश निरभ्र, समुद्र शांत दिसतोय आणि तरी खाडीच्या तोंडाशी वाळूच्या पट्ट्यावर त्या उंच होऊन फुटतात. त्यात ओहोटीचं पाणी समोरून बाहेर पडत असेल तर लाट आणखी उभी राहते. अशा वेळी खाडीतून आत-बाहेर करणं म्हणजे होडी उलटण्याला आमंत्रण. भरतीच्या शेवटच्या तासात, पाणी भरपूर आणि प्रवाह मंद असताना पार व्हायचं.

वाऱ्याचंही वेळापत्रक असतं. थंडीत पहाटे जमिनीवरून मतलई वारा, समुद्र गुळगुळीत. दुपारनंतर समुद्रावरून येणारा खारा वारा जोर धरतो आणि मार्च ते मे तो इतका वाढतो की साडेबारा-एकनंतरच्या मोजणीत होडीचे हेलकावेच जास्त दिसतात. आमची होडी त्यामुळे उजाडताच सुटते. भरती नेमकी दुपारी असेल तर उथळ भागाची मोजणी कधी करायची हा रोजचा पेच असतो, आणि उधाणाच्या दिवसांत मोठी भरती बाराच्या सुमारासच येते. उत्तर सोपं नाही. भरतीच्या आधीचे दोन तास आणि वारा वाढण्याआधीचा वेळ यांतला जो तुकडा सामाईक असेल तो पकडायचा.

तांडेलांशी, म्हणजे मच्छिमार होड्यांच्या प्रमुखांशी, बोला. डोल जाळं लावणाऱ्यांचं पूर्ण काम भरती-ओहोटीच्या प्रवाहावर चालतं. जाळं जागेवर बांधलेलं असतं, प्रवाह मासळी आत आणतो आणि पाणी थबकलं की ते ओढायचं. म्हणून पाणी नेमकं कधी फिरतं हे त्यांना ठाऊक असतं, आणि पट्टीवरची पातळी थांबणं व प्रवाह थांबणं या दोन गोष्टी एकाच वेळी होतात असं नाही हेही ठाऊक असतं. त्यांना आधी नुसतं ‘आज पाणी कसं आहे’ विचारू नका. ‘काल फिरायला किती वाजले?’ असं विचारा. नेमकं उत्तर मिळतं आणि बोलणं पुढे चालू राहतं. खाडीत कालवं काढणाऱ्या मावश्यांनाही विचारा, कुठला खडक किती ओहोटीला उघडा पडतो ते त्या बोट दाखवून सांगतात.

शिक्षणाचं विचाराल तर दारं बरीच आहेत. रत्नागिरीला शिरगावचं मत्स्य महाविद्यालय, गोवा विद्यापीठातलं सागरी विज्ञान, दोनापावल्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, पुण्याजवळ खडकवासल्याचं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र, जिथे बंदरांच्या लहान प्रतिकृती करून पाण्याचा अभ्यास होतो. इन्कॉइस छोटे प्रशिक्षण वर्गही घेतं. सर्व्हेत पुढे जायचं असेल तर हायड्रोग्राफीचा, म्हणजे पाण्याखालची खोली मोजून नकाशे करण्याचा, मान्यताप्राप्त कोर्स लागतो आणि त्याने पगारात खरोखर फरक पडतो. गणितातले त्रिकोणमितीचे धडे पुन्हा काढा, भरतीचा अंदाज त्यावरच उभा आहे. पोहायला शिका, लाइफ जॅकेट हे पोहण्याला पर्याय नाही आणि पोहणं हे लाइफ जॅकेटला पर्याय नाही.

नोकरी लागण्याआधीही एक गोष्ट करता येईल. घराजवळची एक जेटी किंवा धक्का निवडा. पायऱ्या मोजा, कुठल्या पायरीला पाणी टेकलं ते वहीत लिहा, सोबत वेळ, तिथी, वाऱ्याची दिशा आणि तक्त्यातला आकडा. एक उधाण आणि एक भांग असे पंधरा दिवस सलग करा, आणि ज्या दिवशी फरक जास्त पडला त्या दिवशीचा वारा आणि हवेचा दाब शोधून बाजूला लिहा. मुलाखतीला येताना ती वही सोबत आणा. प्रमाणपत्रांच्या आधी मी ती मागतो.